सकवारबाईंचा आवाज कोणी नेला

१

दसऱ्याच्या सकाळी अण्णा नगरातल्या एका घरातून एका बाईचा आवाज चोरीला गेला. आवाज म्हणजे आवाजच. पैसा नाही, दागिना नाही. चोर सापडला असं म्हणून घरच्या माणसांनी वरच्या खोलीत राहणाऱ्या पोराची बॅग व्हरांड्यात आणून आपटली, आणि तेवढ्यात कमलिनीबाई फाटकातून आत शिरल्या.

त्यांना फोन केला होता सौम्याने, घरच्या सुनेने. "काकू, लगेच या. मामा गंधारला घराबाहेर काढतायत." सासऱ्यांना ती तमिळ रीतीने मामा म्हणायची.

कमलिनीबाईंचं वय चोपन्न. मूळच्या कोल्हापूरच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी चेन्नईला आल्या आणि इथेच मुरल्या. पुण्याच्या एका मासिकात त्या 'बिघाड कुठे आहे?' नावाचं सदर लिहीत. कुणाचा कॅमेरा फोटो खातो, कुणाचा मोबाईल मध्येच मान टाकतो, कुणाच्या कॉम्प्युटरात व्हायरस शिरलाय, सगळ्यांना उत्तर मिळे, आणि उत्तरात निम्मा मजकूर झापण्याचा असे. यंत्र बिघडत नाही, तुम्ही बिघडवता, हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

आणि घर होतं तुकोजीरावांचं. तंजावरकडचे मराठी, कैक पिढ्या तमिळ मुलखात काढलेले, इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या हॉलमध्ये दर रविवारी पन्नाशी ओलांडलेली आठ-दहा मंडळी जमत, नवा पेन ड्राईव्ह, नवा कॅमेरा, गाण्यांची नवी डबी एकमेकांना दाखवत. त्यात बाई एकटी कमलिनीबाई. तुकोजीराव तिथले गुरुजी, आणि त्यांचा उपदेश एकच: बॅकअप घ्या, बॅकअप घ्या, दुसरी प्रत असल्याशिवाय झोपू नका.

पण या माणसाने एक काम मात्र खरोखरच सोन्यासारखं केलं होतं. त्यांची थोरली बहीण सकवारबाई, सगळ्यांच्या अक्का. गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधी तुकोजीरावांनी बहिणीला माईकसमोर बसवलं आणि तिची रोजची वाक्यं तिच्याच तोंडून भरून घेतली. मग तळहातावर मावेल असा एक पीडीए, म्हणजे चिमुकला कॉम्प्युटर, घेतला, स्वतः प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर चित्रं. पेल्यावर बोट ठेवलं की अक्कांचा आवाज म्हणे, "पाणी दे गो." मांजरावर ठेवलं की, "दार लावून घ्या, मांजर येतें." सगळे आवाज एका नखाएवढ्या मेमरी कार्डावर. तो पीडीए अक्का गळ्यात दोरीने अडकवून फिरत. बाकी आम्ही सगळे खेळणी जमवणारे, असं कमलिनीबाई म्हणत, शहाणपणाचं काम एकट्या तुकोजीरावांनी केलं.

आज ते कार्ड नव्हतं.

"कार्ड चोरलं," तुकोजीराव म्हणाले. "आमच्या अक्काचा आवाज चोरला. अय्यो, असल्या माणसास आम्ही घरांत ठेविलें."

गंधार जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. सव्वीस वर्षांचा, साताऱ्याचा, तुकोजीरावांच्याच जुन्या कारखान्यात नवा लागलेला, अजून कायम न झालेला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"संध्याकाळी तुझ्या मॅनेजरच्या घरी फोन करतों," तुकोजीराव त्याला म्हणाले. "माझ्या हाताखाली शिकला तो. चोरास कारखान्यांत ठेवतो का, विचारतों. तोवर कार्ड आणून दे."

म्हणजे संध्याकाळपर्यंत पोराची नोकरी आणि अब्रू दोन्ही जाणार होती. कमलिनीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. रविवार मंडळात सगळ्यांना ठाऊक होतं की चष्मा पुसला म्हणजे बाई संतापल्या आहेत.

"पीडीए द्या इकडे," त्या म्हणाल्या.

पीडीए देवीसमोरच्या पाटावरून नुकताच उचललेला होता. वरच्या कडेला, कार्डाचं झाकण होतं त्यावर, अक्कांनी कालच्या पूजेत लावलेलं चंदन वाळून बसलं होतं आणि मध्ये कुंकवाचा ठिपका होता. कमलिनीबाईंनी सवयीने झाकणाला नख लावलं. मग थांबल्या, आणि नख काढून घेतलं.

२

"पहिल्यापासून सांगा," कमलिनीबाई म्हणाल्या. "आरडाओरडा न करता."

तुकोजीरावांनी सांगितलं. या बाजूची नवमीची पूजा कमलिनीबाईंना पंचवीस वर्षांत पाठ झाली होती. आपल्या कामाची जी काही हत्यारं असतील ती देवीपुढे मांडायची, चंदन-कुंकू लावायचं, आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. कुणी वह्या ठेवतं, कुणी पान्हे. तुकोजीरावांच्या घरी कॅमेरे, मोबाईल, लॅपटॉप आणि डास मारायची बॅट. अक्काही आपला पीडीए ठेवत. म्हणजे नवमीला त्या आपखुशीने मुक्या राहत. सरस्वतीसाठी एक दिवस तोंड बंद, काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं.

"काल सकाळीं पूजा झाली. आज सकाळीं अक्काने यंत्र उचललें, पेल्यावर बोट ठेविलें. आवाज नाही. पडद्यावर अक्षरं आली, आवाज सापडत नाही म्हणून. मी म्हणालों, कार्ड गेलें. झालें."

"आणि गंधारनेच नेलं हे कशावरून?"

"पूजेंत हात कोणी घातला? आमच्या घरचें माणूस मरेल, पण मांडलेल्या वस्तूस हात लावणार नाही. ह्याने काल दुपारीं लॅपटॉप उचलून नेला. सौम्याने पाहिलें."

गंधारने मान खाली घातली. "उचलला. कारखान्यातून फोन आला होता, लाईन बंद पडली होती. काकू, आमच्याकडे पूजा दसऱ्याला होते, संध्याकाळी सोनं वाटलं की झालं. ठेवलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो हे मला खरंच माहीत नव्हतं. माझा लॅपटॉप सौम्यावहिनींनी ठेवला होता. मी माझाच उचलला. पीडीएला शिवलोसुद्धा नाही."

"काल घरी किती वाजता आलास?"

"रात्रपाळी करून. बसने उतरलो तेव्हा पूजा आटोपली होती, प्रसादाचे चणे, सुंडल, वाटत होते."

हे सौम्यानेही मान्य केलं. फाटक तिनेच उघडलं होतं.

आतल्या खोलीच्या दारात अक्का उभ्या होत्या. हडकुळ्या, ताठ, गळ्याला पांढरा रुमाल. गेले आठ महिने कामावरून आला की गंधार चहाचा कप घेऊन त्यांच्यापाशी बसायचा, आणि त्या एकेक चित्र दाबून त्याच्याशी गप्पा मारायच्या. आज त्याने त्यांच्याकडे पाहिलं. अक्कांनी तोंड फिरवलं आणि आत निघून गेल्या.

पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. नोकरी जाईल म्हटल्यावरही आलं नव्हतं.

कमलिनीबाई भडकल्या. ही माणसं दर गुढीपाडव्याला मराठी मंडळात भाषणं ठोकतात, आपण सगळे मराठी, तंजावरचे काय आणि साताऱ्याचे काय. आणि घरात काही हरवलं की पहिला हात बाहेरून आलेल्याच्या मानगुटीवर. पंचवीस वर्षांपूर्वी त्या नव्या आल्या होत्या तेव्हा त्यांच्याही वाट्याला असलं थोडं आलं होतं, आणि त्या ते विसरल्या नव्हत्या.

"संध्याकाळपर्यंत कुणालाही फोन करायचा नाही," त्या तुकोजीरावांना म्हणाल्या. "आणि हा पीडीए माझ्या पिशवीत राहील. कुणी त्याचं झाकण उघडायचं नाही. तुम्हीसुद्धा."

"मी कशास उघडूं?" तुकोजीराव म्हणाले. "आंत काय आहे आतां?"

कमलिनीबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

३

सौम्या स्वयंपाकघरात पायसमसाठी दूध आटवत होती आणि डाव जोरजोरात आपटत होती. मदुरैची तमिळ मुलगी, लग्नानंतर मराठी शिकलेली. नवरा बंगळुरात नोकरीला, शनिवार-रविवारी येणारा. घरातली दोन म्हातारी माणसं हिच्या गळ्यात.

"तुम्ही माझ्यावरही संशय घ्या काकू," ती म्हणाली. "घ्या की. कारण आहे माझ्याकडे."

"काय कारण?"

"मीठ." सौम्याने डाव ठेवला. "रोज दुपारी जेवायला बसल्या की आत्याबाई मिठाच्या डबीचं चित्र दाबतात. 'मीठ अंमळ जास्ती.' एकदा नाही, तीनदा. मी कमी घातलं तरी तेच, कारण कमी झाल्याचं वाक्य त्यांनी भरलंच नव्हतं. बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. मशीनशी काय भांडू? कितीदा वाटलं, कार्ड काढावं आणि कूममध्ये टाकून यावं."

कूम म्हणजे शहरातली काळी, घाण नदी. कमलिनीबाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं.

"मग टाकलंस का?"

"नाही. काल दिवसभर घर गप्प होतं ना, मला बरं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. सारखं मागे वळून बघत होते." तिने डाव पुन्हा उचलला. मग म्हणाली, "आणि गंधारने लॅपटॉप उचलला हे मीच मामांना सांगितलं. सहज सांगितलं हो. त्याचं असं करतील हे माहीत असतं तर जीभ चावली असती."

"काल सकाळी अक्कांनी पीडीए पूजेत स्वतः ठेवला?"

"चंदन स्वतः लावलं. ठेवला मामांनी. आंघोळ झाल्यावर मामा त्यांच्याकडून मागून घेऊन गेले, पुसून आणतो म्हणाले. त्यांच्या खोलीत."

"आणि मशीनचा आवाज शेवटचा कधी ऐकलास?"

सौम्याने आठवून पाहिलं. "तेव्हाच. मी इथे चणे शिजवत होते. मामांना म्हणाली होती मशीन. ते एक चित्र आहे ना, लहान मुलाचं? मामा लहानपणी रेडिओ उघडून बसायचे म्हणून आत्याबाईंनी मुद्दाम भरून घेतलेलं. 'तुकू, हात लावूं नको.' मामा हसले आणि गेले. त्यानंतर नाही ऐकलं."

दूध उतू जायला आलं. सौम्याने धावत गॅस बंद केला, आणि कमलिनीबाई बाहेर आल्या.

४

उन्हं कलली तेव्हा व्हरांड्यात मिठाईचा डबा घेऊन गुरुमूर्ती येऊन बसले होते. बँकेतून निवृत्त झालेले, पलीकडच्या गल्लीतले, रविवार मंडळाचे सभासद. चोरीची बातमी त्यांना कळली होती आणि ते घाबरले होते, कारण अगदी तसाच पीडीए त्यांच्याकडेही होता. त्यांना मराठी कळे, पण बोलताना ते तमिळवरच येत, आणि कमलिनीबाई तमिळमध्येच त्यांना झाडत.

"तुम्ही तो प्रोग्रॅम मागत होतात ना?" कमलिनीबाईंनी विचारलं.

मागत होते. त्यांच्या आईचं बोलणं पक्षाघाताने गेलं होतं. निदान चित्रं तरी द्या, आवाज आम्ही घालू, असं त्यांनी तुकोजीरावांना दहा वेळा म्हटलं असेल. नवीन आवृत्ती तयार होतेय, ती झाली की देतो, हे उत्तर. आणि नवीन आवृत्ती दसऱ्याच्या संध्याकाळी सगळ्यांसमोर दाखवणार, असं तुकोजीरावांनी मागच्याच रविवारी जाहीर केलं होतं.

"म्हणजे आज संध्याकाळी," कमलिनीबाई म्हणाल्या.

"आज," गुरुमूर्ती म्हणाले. मग कपाळाला आठ्या घालून त्यांनी स्वतःहून सांगितलं, की तुकोजीरावांचं कालपासून काहीतरी बिनसलंय. काल संध्याकाळी त्यांचा फोन आला होता, शेजारच्या बूथवरून, कारण त्यांचा मोबाईल पूजेत होता. हॅलो नाही, काही नाही. गेल्या महिन्यात मी तुला जुनी हार्ड डिस्क दिली, ती कोरी केलीस का, एवढंच विचारलं.

"आणि तुम्ही?"

कोरीच तर करायला सांगितली होती, गुरुमूर्ती म्हणाले. नवी मोठी डिस्क बसवल्यावर जुनी त्यांनीच देऊन टाकली. मी ती पुसून कर्नाटक संगीताच्या सगळ्या मैफिली भरल्या, अगदी काठोकाठ. हे ऐकल्यावर तुकोजीरावांनी फोन ठेवून दिला. रागवले की काय, त्यांना समजेना.

"काल संध्याकाळी," कमलिनीबाई म्हणाल्या. "नक्की काल? आज सकाळी नाही?"

नक्की काल. सरस्वतीपुढे दिवा लावताना फोन आला म्हणून बायको कुरकुरली होती.

कमलिनीबाईंनी पुन्हा चष्मा काढला. पुसायला लागल्या आणि कितीतरी वेळ पुसतच राहिल्या. जे कळलं होतं ते त्यांना कळायला नको होतं.

"सगळ्यांना हॉलमध्ये बोलवा," त्या म्हणाल्या. "अक्कांनासुद्धा."

५

सगळे बसले. गंधार बसला नाही, दाराशी बॅगेला टेकून उभा राहिला. अक्का भिंतीकडच्या खुर्चीत, हात मांडीवर. तुकोजीरावांनी घड्याळाकडे पाहिलं, फोन करायची वेळ जवळ आली होती.

कमलिनीबाईंनी पिशवीतून पीडीए काढून मधल्या टेबलावर ठेवला.

"याच्याकडे सगळ्यांनी नीट बघा. वरच्या कडेला कार्डाचं झाकण आहे. पडद्याला डाग पडतो म्हणून तुकोजीरावांनी मना केलं होतं, तेव्हा अक्कांनी चंदन लावलं ते या कडेला. पातळ होतं, झाकणाच्या फटीत उतरलं आणि वाळलं. सौम्या, तुला कुठे चीर दिसते?"

सौम्या वाकली. "नाही."

"गुरुमूर्ती?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिलं आणि मान हलवली.

"आता बघा." त्यांनी झाकणाला नख लावून ते उचललं. चंदनाची खपली तुकडे होऊन टेबलावर पडली. आत खाच रिकामी होती. "पूजा झाल्यापासून हे झाकण पहिल्यांदा उघडलं ते मी, आत्ता. म्हणजे कार्ड गेलं ते चंदन लागायच्या आधी. आणि चंदन लागलं तेव्हा गंधार कारखान्याच्या बसमध्ये होता. सगळ्यांना मान्य आहे?"

सौम्याने लगेच होकार दिला. गंधारने तोंडावर हात घेतला.

"मग आधी कुणी काढलं? सौम्या चुलीपाशी होती. गुरुमूर्ती सुंडल खायला नंतर आले. अक्कांच्या गळ्यातून पीडीए एकाच माणसाच्या हातात गेला. तो माणूस पुसून आणतो म्हणून आपल्या खोलीत घेऊन गेला, आणि तिथून थेट पाटावर."

"मी पुसला हो," तुकोजीराव म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "पुसलाच."

"तुकोजीराव, यंत्र बोलेनासं झालं तर तुम्ही काय करता? मी सांगते, दर रविवारी बघते ना. तुम्ही आधी झाकण उघडता, कार्ड काढता, फुंकर मारता, परत घालता. तुमचा हात आपोआप जातो. आज सकाळी पडद्यावर आलं, आवाज सापडत नाही. बॅटरी उतरली असेल, कार्ड सैल झालं असेल, प्रोग्रॅम अडकला असेल. पण तुम्ही झाकणाला हात न लावता म्हणालात, कार्ड गेलं. खपली शाबूत आहे. आत न बघता तुम्हाला कसं कळलं?"

तुकोजीरावांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

"आणि चोरी आज सकाळी कळली. तुम्ही जुन्या डिस्कवर असलेली आवाजांची प्रत शोधत गुरुमूर्तींना फोन केलात काल संध्याकाळी. कार्ड पाटावर आहे असं सगळं घर समजत होतं तेव्हा." कमलिनीबाईंचा आवाज चढला. "नवीन आवृत्ती दाखवायची होती ना मंडळाला? चाललं होतं बरं, पण तुम्हाला चैन कुठली. काय केलंत?"

मग तुकोजीराव बोलले, कुणाकडेही न बघता.

"नवा प्रोग्रॅम घालायास कार्ड खोलींतल्या मोठ्या कॉम्प्युटरांत लाविलें. जागा पुरेना. एक नवी युटिलिटी उतरविली होती, जागा वाढवून देते म्हणून. तिने विचारलें, पुढे जाऊं? मी हो म्हणालों. वाचलें नाही. कार्ड कोरें झालें." त्यांनी ओठ ओले केले. "तितक्यांत पूजेस बोलाविलें. झाकण लावून यंत्र पाटावर ठेविलें. वाटलें, दसऱ्यापर्यंत आवाज परत काढूं, गुपचूप घालूं, कोणास कळणार नाही."

"आणि नाही निघाला तेव्हा?"

"सकाळीं अक्काने बोट ठेविलें आणि मजकडे पाहिलें. तोंडांतून निघून गेलें, कार्ड गेलें म्हणून. सौम्या म्हणाली, कोणी नेलें? मग..." त्यांनी दाराकडे हात केला आणि तो अर्ध्यातच खाली घेतला.

"मग याच्या गळ्यात घातलंत," कमलिनीबाई म्हणाल्या. "चूक कुणाच्याही हातून होते. माझ्या सदराला पत्रं येतात ती सगळी असल्याच चुकांची. पण पोराची बॅग खाली आणताना तुमचे हात कापले नाहीत? संध्याकाळी फोन करणार होतात. केला असता ना?"

तुकोजीरावांची मान खाली गेली, म्हणजे केला असता.

"कार्ड कुठे आहे?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून काढून दिलं. कमलिनीबाईंनी पहिलं काम केलं ते कडेची बारीक खिट्टी खाली सरकवायचं, म्हणजे आता त्यावर कुणालाही काही लिहिता येणार नाही.

"आवाज शोधताना सापडलेलं कुठे साठवत होतात?" त्यांनी विचारलं.

तुकोजीरावांनी कमलिनीबाईंच्या हाताकडे बोट केलं. "त्याच कार्डावर."

गुरुमूर्तींनी डोळे मिटून घेतले. म्हणजे सापडलेला प्रत्येक आवाज न सापडलेल्या आवाजावर लिहिला गेला होता. हा धडा तुकोजीरावांनीच मंडळाला शिकवला होता.

६

"काढता येईल काही?" सौम्याने विचारलं.

"शिल्लक असेल ते," कमलिनीबाई म्हणाल्या. "पण माझ्या घरचा कॉम्प्युटर जुना आहे."

मग गंधारने बॅगेची चेन उघडली, लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. "आत्याआजींसाठी करतो," तो म्हणाला. "यांच्यासाठी नाही."

तो आणि कमलिनीबाई खांद्याला खांदा लावून बसले. आवाज सापडत गेले, पण नावं पुसलेली, नुसते आकडे. कशात काय आहे ते वाजवल्याशिवाय कळत नव्हतं. बरेचसे नुसते खरखरले. मग अचानक हॉलमध्ये अक्कांचा आवाज आला, जाडसर, हुकमी:

"मीठ अंमळ जास्ती."

सौम्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. अक्कांनी तिच्याकडे पाहिलं, आणि खुर्ची ओढत तिच्या जवळ आल्या.

"कोण आहे तें?" हे सापडलं. "जेवलास कां रे?" हे सापडलं. लहान मुलाच्या चित्राचं सापडलं. पाणी अर्धवट मिळालं. मांजर मिळालं नाही. बाकी कितीतरी मिळालं नाही. ते भरून घ्यायला आता गळा नव्हता.

गंधारने मिळालेले आवाज पुन्हा आपापल्या चित्रांमागे बसवले, तीन वेगवेगळ्या जागी प्रती केल्या, एक सीडी कमलिनीबाईंच्या हातात दिली. पीडीए पुसला आणि अक्कांच्या गळ्यात अडकवला.

अक्कांनी त्याच्याकडे बघून ताटाचं चित्र दाबलं. "जेवलास कां रे?"

"नाही," गंधार म्हणाला.

सौम्याने पान वाढलं. तो खाली मान घालून जेवला, पायसमही घेतलं. मग हात धुऊन आला आणि त्याने बॅग उचलली.

"काकूंच्या घरची वरची खोली रिकामी आहे, तिथे जातो," तो कुणाला असं नाही, सगळ्यांना म्हणाला. तुकोजीराव पुढे झाले, काहीतरी पुटपुटले, त्यात क्षमा हा शब्द होता. गंधारने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कमलिनीबाईंना ते फार बरं वाटलं. असलं काही दोन शब्दांत मिटत नसतं, आणि मिटूही नये.

तो दारापर्यंत गेला तेव्हा अक्का घाईघाईने पडद्यावर चित्र शोधायला लागल्या. घराचं चित्र सापडलं. दाबलं. खर्रर्र. पुन्हा दाबलं. खर्रर्र. त्यांनी डोळे बारीक करून यंत्राकडे पाहिलं आणि बोट तिथेच दाबून धरलं, जणू जोर दिला तर निघेल.

गंधार वळला. त्या चित्रामागे काय होतं ते घरात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. चहाचा कप खाली ठेवून तो उठायला लागला की रोज संध्याकाळी अक्का तेच दाबत असत. जाऊं नको, बैस घटकाभर.

"ऐकू आलं, आजी," तो म्हणाला. बॅग ठेवून त्यांच्या पायाशी बसला. अक्कांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सकाळी तोंड फिरवलं होतं त्याची लाज त्यांच्या चेहऱ्यावर उघड दिसत होती, आणि ती सांगायला त्यांच्याकडे एकही चित्र नव्हतं. आधीही नव्हतं. असलं वाक्य कधी लागेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

घटकाभराने तो उठला, रविवारी येतो म्हणाला, आणि गेला. फाटकाचा आवाज झाला. अक्का अजून घराचं चित्र दाबत होत्या, आणि यंत्र खरखरत होतं.

तुकोजीरावांना ते बघवेना. ते बहिणीजवळ आले, सवयीने हात पुढे केला.

"दे अक्का," ते म्हणाले. "बघतों काय झालें आहे तें."

अक्कांनी पीडीए छातीशी धरला. मग भावाच्या डोळ्यांत बघत अंगठ्याने लहान मुलाचं चित्र दाबलं.

"तुकू," यंत्र म्हणालं, "हात लावूं नको."